नसलेला झोका

२ मार्च, रविवार

झोका! म्हणे झोका होता!

दादाचा लेख आज पुरवणीत आलाय — 'रानातले दिवस'. शिवणाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी सुट्टी असून मुद्दाम फोन केला. "अहो, किती गोड लिहिलंय तुमच्या भावाने! काय छान बालपण हो तुमचं!" मी हो हो केलं. दुसरं काय करणार? उद्या त्यांच्याच मशीनवर बसायचंय.

झाडाला दोराचा झोका, कपाळावर चांदणी असलेलं शेळीचं पिल्लू, ओढ्यात पाय सोडून बसलेले आम्ही दोघं. अरे, आपल्या घरात दोर एकच होता आणि तो विहिरीवर होता! त्याने माझे तळहात सोलले. तुझे नाही. तू दहाव्या वर्षीच मामाकडे गेलास, शहरात, शिकायला.

३ मार्च

एक वाक्य डोक्यातून जातच नाही. 'धाकटी वर्गात पहिली यायची, पण पुढे तिलाच शिकायचा कंटाळा आला.'

कंटाळा! बाबांचा पाय मोडला, आई दुसऱ्यांच्या शेतात राबायला लागली, शेळ्यांमागे कुणीतरी हवं होतं. तिसरीतून काढलं मला. आईने माझी पाटी वरच्या फळीवर ठेवून दिली, हात पोचणार नाही अशी. आणि हा चारचौघांत सांगतो, कंटाळा आला. वर 'पहिली यायची' म्हणून माझी थट्टा! खोटं बोलायला काही लाज हवी की नको?

५ मार्च

एक पडदा उलट्या बाजूने शिवला. उसवला. सगळं दादामुळे.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. लेखांचं पुस्तक निघतंय. तेवीस तारखेला वाचनालयात कार्यक्रम.

"चिमे, तू दोन शब्द बोलायचेस हं. माझ्या लहानपणाची तूच एक साक्षीदार उरलीस."

बोलते की! अशी बोलते की लोक खुर्च्या सोडून पळतील.

१० मार्च

एक कळत नाही. त्या चांदणीवाल्या पिल्लाचं याला कुणी सांगितलं? ते खरंच होतं. पण दादा गेल्यावर झालं, आणि तो सुट्टीत यायच्या आत मेलंसुद्धा. माझ्याच मांडीवर मेलं.

आईनेच सांगितलं असणार. मुलाशी गप्पा, मला कामं. दर शनिवारी त्याला पत्र जायचं. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणजे तेही मीच. भांडी घासता घासता ती ओरडायची, "चांगलं तेवढंच लिही गं! पोरगं तिकडे रडत बसेल." काय लिहायचे देव जाणे. पन्नास वर्षं होत आली. पण लाड तिथेही त्याचेच!

१४ मार्च

भाषण लिहून काढलं. दोन पानं. दोर, तळहात, पाटी — सगळं. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज कापतो. कापू दे.

१६ मार्च, रविवार

राहवलं नाही. दादाकडे गेले. वहिनीने पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"दादा, ते पुस्तक असं छापू नकोस. मला शाळेतून काढलं, ते लिही."

"काढलं? कधी?"

"तिसरीत! तू गेलास त्याच वर्षी. तुला माहीत नाही होय? साळसूदपणा पुरे झाला."

"अगं पण तू तर..." एवढंच बोलला आणि आत गेला. पत्र्याचा डबा घेऊन आला. वहिनी म्हणाली, "त्याला मलासुद्धा हात लावू देत नाहीत."

माझी पत्रं. सगळी. शनिवारमागून शनिवार.

'दादा, बाबांनी झाडाला झोका बांधला. खूप उंच जातो.' 'दादा, पिल्लाच्या कपाळावर चांदणी आहे. ते आता माझ्यामागे शाळेपर्यंत येतं.' 'दादा, या वर्षीही माझा पहिला नंबर आला. तू काळजी करू नको.' माझंच अक्षर. नंबर शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या.

सुट्टीत तो घरी यायचा तेव्हा शाळा बंदच असायची. त्याला कळणार कसं? मोठेपणी मी सांगितलं नाही. त्याने विचारायला हवं होतं, म्हणून धुमसत राहिले. पहिला नंबर येतोय म्हणणारीला काय विचारणार तो?

"मामाकडे पहिली दोन वर्षं रोज रडायचो," तो म्हणाला. "हीच वाचून झोपायचो. चिमे, यातलं काहीच खरं नाही?"

मी उठून आले. पाणी तसंच राहिलं.

१७ मार्च

दादाचा फोन. "तू म्हणशील तर पुस्तक थांबवतो."

फोन ठेवून दिला. राग कुठे ठेवू, तेच कळत नाही. आईवर? ती मेली. त्या नऊ वर्षांच्या पोरीवर?

२३ मार्च, रविवार

उभी राहिले. दोन पानं पर्समध्येच राहिली. दादा खाली मान घालून बसला होता.

म्हणाले, "झोका फार उंच जायचा."

टाळ्या पडल्या. दादा रडत होता.

लोकांना वाटलं असेल, कौतुकाने. झोका कधी नव्हताच, हे आता त्याला ठाऊक होतं.