रिकाम्या ट्रॉलीचा वेग

पेण, रविवार

प्रिय मिथुन,

‘प्रिय’ लिहिलं, कारण दुसरं काय लिहावं ते सुचेना. कॉलेजात फिजिक्सची गणितं मी सोडवायचे आणि तू वहीत उतरवून घ्यायचास. आपलं लग्न होणार असं तेव्हा दोन्ही घरं धरून चालली होती. आता तू रोह्यात कंपनीचा सेफ्टी ऑफिसर, आणि मी इथे नववीच्या पोरांना न्यूटन शिकवते.

बाबांचा पाय धरमतरच्या जेट्टीवर ट्रॉलीखाली गेला, त्यावरचा तुझा रिपोर्ट महिन्यापूर्वी हाती आला. रोह्यात बसूनच लिहिलास ना? ट्रॉली मालाने भरलेली, वजन चार हजार किलो, मोटरची ओढ दोन हजार न्यूटन, अंतर सोळा मीटर. म्हणजे बाबांना आठ सेकंद मिळाले, तरी ‘कामगार निष्काळजीपणे रुळावरच राहिला’. खाली तुझी झोकदार सही. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “व्हय गो, माझाच पाय उशिरा उचलला.” तेव्हापासून ते हेच घोकतायत. यासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही.

तुझी आकडेमोड बरोबर आहे, वजन खोटं आहे. त्या दिवशी अष्टमी होती. भांगाचं, म्हणजे छोट्या भरतीचं, पाणी एवढं कमी, की जुन्या जेट्टीला मालाची बार्ज लागतच नाही. मग ट्रॉलीत माल आला कुठून? खाडीकाठी वाढलेल्या तुला हे मी सांगायचं? ट्रॉली रिकामी होती, एक हजार किलो. बळ तेच, वस्तुमान पाव, म्हणून त्वरण चौपट. बाबा पाठमोरे बसून रुळातला चिखल खरवडत होते. त्यांना मिळाले चारच सेकंद, आणि ट्रॉली आदळली तेव्हा तिचा वेग होता सेकंदाला आठ मीटर. तुझ्या हिशेबाच्या दुप्पट.

शुक्रवारी चौकशी आहे. भांगाला बार्ज येत नाही हे सांगायला खाडीवरचं जाणतं माणूस हवं होतं, म्हणून मी तुझ्या आईकडे गेले. चाळीस वर्षं मिठागरात राबलेल्या कृष्णाबाई लगेच म्हणाल्या, “येतंय ना गो मी. असा खोटा लिवला कोनी?” त्यांना वाचता येत नाही, आणि मी नाव सांगितलं नाही. ते त्यांना तिथेच, सगळ्यांदेखत कळेल. तुला आधी कळवतेय ते सावरायला वेळ मिळावा म्हणून नव्हे. शुक्रवारपर्यंत रोज तुझ्या आईचा फोन येईल, साक्षीला कुठलं लुगडं नेसू म्हणून ती तुलाच विचारेल, आणि तुला उत्तर द्यावं लागेल, एवढ्यासाठी.

एकेकाळी तुझीच,
प्रतिक्षा