तयार चष्मे आणि तुमचे यजमान

आदरणीय ताईंना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात). तुमचा गुडघा कसा आहे? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे आणि दिवसातून तीनदा तुमच्या यजमानांचं कौतुक करते. मी ऐकतो. साडू म्हणून तेवढं कर्तव्यच आहे.

आमच्या चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट त्यांनी करून दिली, हे मान्य. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला आपोआप ईमेल जातो, हेही मान्य. पण महिन्यापूर्वी मी सहज सेटिंग उघडलं, तर दुकानाच्या नावाने ईमेल पाठवायची परवानगी कोणाला आहे याची यादी दिसली. यादीत एकच नाव, तुमच्या यजमानांच्या सर्व्हरचं. ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान माझं, पाटी माझी, आणि परवानगी यांना? (सासरे आधीच खिडकी घट्ट बसली तरी मोठ्या जावयाला विचारा म्हणतात.) मी ते नाव खोडलं. वर, यादीत नसलेल्याचं टपाल दारातूनच परत पाठवा, असा कडक नियमही घातला. त्या दिवशी मला झोप छान लागली.

आमचे सगळे ईमेल त्याच सर्व्हरवरून जातात आणि यादीत आता कोणीच उरलेलं नाही, हे कळायला तीन आठवडे गेले. तोवर एकेचाळीस तयार चष्मे खणात पडून. गिऱ्हाइकं भिंत धरून येत आणि माझा आवाज ओळखून भांडत. एका शिक्षिकेने उत्तरपत्रिका अंदाजाने तपासल्या (निकाल चांगला लागला म्हणे). चौघांनी समोरच्या दुकानातून चष्मे केले, आणि ते घालून ते माझ्याकडे टक लावून बघत जातात. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागेल. तुम्हाला सांगून मन हलकं झालं, बाकी क्षेम.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना पापा, यजमानांना उरेल ते.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता.क. खोडलेलं नाव नेमकं कसं लिहिलं होतं ते मला आठवत नाही. तुम्हीच सुचवल्यासारखं करून यजमानांना यादी बघायला सांगाल का? माझं नाव मध्ये नको.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करताना सहा गिऱ्हाइकं एकदम आली, ईमेल मिळाला म्हणून. यादी उघडली, तर यजमानांच्या सर्व्हरचं नाव पुन्हा जागेवर. परत आलेल्या टपालाची वर्दी त्यांच्याकडेच जाते, हे आज कळलं. म्हणजे काल महिन्याभराने परगावाहून आल्याआल्या त्यांनी सगळं पाहिलं, निस्तरलं, आणि सकाळी माझ्याशी फोनवर बोलताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वरची विनंती रद्द. त्याऐवजी त्यांना मला एकदा तरी चांगलं खडसवायला सांगा. इतका चांगुलपणा माझ्याच्याने बघवत नाही.