कुलूप्या राजाच्या जागी आबा

१४ ऑगस्ट ९४, रविवार
कार्टून बघून आले. सुनीकडे, नेहमीसारखंच. कॉलनीतली पोरं पुढे सतरंजीवर अन् आम्ही दोन घोड्या मागे. बी.कॉम. झालेली पोरगी कार्टून बघते म्हणून आई कपाळाला हात लावते. लावू दे.
आज कुलूप्या राजाने ढगांना कुलूप ठोकलं. (हिंदीत त्याचं नाव भलतंच काही आहे, कुलूप्या हे आपल्या पोरांनी पाडलेलं.) त्याच्या मुलीने एक किल्ली चोरून लोकांना दिली, तर तिला राज्याबाहेर हाकललं.
मग आमचा लाडका खेळ. हेच कार्टून जिवंत माणसांचं केलं, तर त्यातले दुष्ट कोण कोण? मुंबईचे नट नकोत, आपल्याच कॉलनीतले हवेत. चेटकीण: विमलकाकू. नाक तयार आहे, नळावर भांडून आवाजही तयार. लांबमान्या प्रधान: शिकवणीवाले सर, मेकअपची गरज नाही. पोट धरधरून हसलो.
राजा कोण? दोघींच्या डोक्यात एकच नाव, पण बोलायची छाती कुणाची?

१७ ऑगस्ट
सुनीच्या पोटात तीळ भिजत नाही! सगळं तिच्या भावाला सांगून बसली. बंडू म्हणजे आमच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. यंदाचा जिवंत देखावा म्हणे हाच: कुलूप्या राजा. चौकात स्टेज, खरी माणसं, आवाज आधीच कॅसेटवर भरलेला, त्यावर माणसांनी नुसतं तोंड हलवायचं. अन् दुष्ट मंडळी आमच्या यादीप्रमाणे.
विमलकाकूंना विचारायला गेला तेव्हा मी जिन्याआड लपले. वाटलं, चप्पल येणार. तर काकू म्हणतात, "नाक खोटं लावू नको रे, माझंच वापर." मी सर्द.
राजकन्या मी. कारण दुसऱ्या कुणाच्या घरचे सोडेनात.
आणि राजा? बंडू माझ्याकडे न बघता म्हणाला, "आबांना विचारू का?"
"वडील माझे आहेत. विचार अन् मर," म्हटलं.

१९ ऑगस्ट
आबा हो म्हणाले!! आमचे आबा. जे हसले तर शेजारी दचकतात. पेपर खाली न घेता विचारलं, "मिशा खोट्या का?" बंडू म्हणाला, "हो आबा." "मग जमणार नाही. माझ्या आहेत."
झालं. एवढंच. आई पोळपाट हातात घेऊन तशीच उभी.

२७ ऑगस्ट
आज रेकॉर्डिंग, बंडूच्या टू-इन-वन टेपवर. खिडक्या-पंखे सगळं बंद, घामाच्या धारा. आबा एस.टी.त कंट्रोलर होते, उभी हयात स्टँडवर गाड्या पुकारल्या, तेव्हा आवाजाचं काय विचारता. पहिल्याच वाक्याला पोरांच्या अंगावर काटा.
मग राजकन्येला हाकलायचा प्रसंग. बंडूने लिहिलेलं लांबलचक होतं, हे कुलकलंकिनी वगैरे. आबा म्हणाले, "असं कोणी बोलत नसतं." कागद बाजूला ठेवला अन् बोलले,
"जा. आणि जाताना दार लावून जा."
माझ्या सख्ख्या थोरल्या ताईला हेच म्हणाले होते. अक्षर न् अक्षर हेच. जातीबाहेर लग्न करून ती एकटीच पाया पडायला आली होती, तीन वर्षांपूर्वी, अन् हे खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. ती बिचारी खरंच दार हळूच लावून घेऊन गेली. त्यानंतर घरात तिचं नाव नाही. जावई काळा की गोरा, आम्हा कुणाला ठाऊक नाही. ताईला मुलगा झाला ते दुसऱ्याकडून कळलं, आई न्हाणीघरात जाऊन रडली.
आज तेच वाक्य कॅसेटसाठी, थंड आवाजात. बंडू खूश. "एक नंबर आबा! परत नको, हेच ठेवू."
माणूस आहे की दगड? इतका राग आला, इतका, की जेवले नाही.

१० सप्टेंबर
देखावा सुरू. तुफान गर्दी. पाचोऱ्याहून माणसं टेम्पो करून आली. एक खेळ संपला की पडदा, कॅसेट मागे फिरवायची, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे संध्याकाळभर दर खेळाला आबा सिंहासनावरून उठणार, हात दारापर्यंत लांब करणार, स्पीकरमधून त्यांचाच आवाज, आणि मी गाठोडं घेऊन चालती.
पहिल्यांदा गंमत वाटली. नंतर नंतर खोटं आहे माहीत असून डोळे भरतात. बंडूला वाटतं, काय ॲक्टिंग करते पोरगी.
पोरं आबांना घाबरत नाहीत आता, मागे लागतात. "कुलूप्या आबा, ढग सोडा ना!" अन् आबा, देवाशप्पथ, आबा हसले.

१४ सप्टें.
घरात चमत्कारिक चाललंय. आबा जेवत नाहीत नीट. काल आपणहून बंडूला म्हणाले, ते वाक्य बदलता येईल का रे. बंडू हादरला. "आबा, लोक त्याच वाक्यासाठी येताहेत! अन् आता पुन्हा भरायचं म्हणजे ढगांचा गडगडाटही पुन्हा भरावा लागेल." आबा बरं म्हणाले. आबा कुणाला बरं म्हणतात?
आईला सांगितलं. ती शिरपूरकडची, मनातलं बोलायचं झालं की अहिराणीच येते तोंडात. म्हणाली, "माले काही सांगू नको. तीन वरीस झायात." अन् भाकरी थापत राहिली.

१६ सप्टें.
लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.
ताई आली होती. गर्दीत. शेवटून दुसऱ्या खेळाला, बांबूच्या कठड्याला टेकून, कडेवर पोरगं. केवढं गोड पोरगं! इथे जवळच नशिराबादला तिची मैत्रीण असते, तिच्याबरोबर देखावे बघत फिरत असणार. स्टेजवर कोण आहे हे तिला कुणी सांगितलं असणार? मी तिला पाहिलं, अन् पुढचं वाक्य तेच होतं. बंडूला खूण करायला हात उचलला, तोवर आलंच.
"जा. आणि जाताना दार लावून जा."
चार दिशांचे चार कर्णे. अख्ख्या चौकात. ताईचं तोंड पांढरंफटक पडलं. पोराला घट्ट धरून ती वळली अन् गर्दीत घुसली.
आणि आबा उठलेच नाहीत. उठायचं, हात लांब करायचा, काहीच केलं नाही. त्यांनीही तिला पाहिलं होतं. स्पीकरमधून त्यांचं ते राक्षसी हसणं गडगडत होतं अन् ते तोंड मिटून बसलेले. मग मुकुट काढला, मांडीवर ठेवला. आबा रडत होते. माझे आबा! लोकांना वाटलं, देखाव्यातलंच आहे. शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या.
ताईने यातलं काही पाहिलं नाही. तिने फक्त ऐकलं.

१७ सप्टें., दुपार
आबा सकाळपासून बेपत्ता. दाढी केली, पांढरा सदरा घातला अन् गेले. आई दारात येरझाऱ्या घालतेय. बंडू दोनदा येऊन गेला, आज राजाचं कसं करायचं म्हणून. हाकलला त्याला.

१७ सप्टें., संध्याकाळ
काय लिहू, कुठून लिहू.
चारच्या सुमाराला दारात ताई. स्वतः. रागाने नुसती थरथरत होती. पोरगं झोपलेलं खांद्यावर. "कुठे आहेत आबा? एकदा घरात बोलून भागलं नाही, आता चौकात भोंगे लावून बोलतात? विचारायलाच आलेय. विचारते अन् जाते."
मी काय काय सांगत सुटले. उठले नाहीत गं, मुकुट काढला गं, रडले गं. ताई म्हणे, "तू राहू दे. तू लहानपणापासून सारवासारवच करतेस." आई पोराच्या पायांना हात लावायची, मागे घ्यायची. "मनी पोर उनी," माझी पोर आली, एवढंच, फक्त शेजारच्या भिंतीला ऐकू जाईल इतक्या हळू.
तेवढ्यात रमेशभाऊ. आबांचे स्टँडवरचे जुने कंडक्टर. सायकल टेकवत बाहेरूनच म्हणाले, "वहिनी, आबा सकाळच्या गाडीने धुळ्याला कसे काय गेले? हातात लाकडी घोडा. मला विचारत होते, गल्ली नंबर सहाला कुठून जवळ पडतं."
मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. ताई धुळ्याला असते एवढंच ऐकून होतो; तिची गल्ली आम्ही त्यांना कधी सांगितली नव्हती. आम्हालाच कुठे माहीत होती?
ताई मटकन खाली बसली. राग कुठल्या कुठे.
मी विचारलं, "घरी कोण आहे तुझ्या?"
"हेच," ती म्हणाली. "रात्रपाळी करून आलेत. एकटेच."
म्हणजे आबांना दार जावयानेच उघडलं असणार. अन् दोघांनी आजवर एकमेकांचं तोंडसुद्धा बघितलेलं नव्हतं.