लाल डाग दिसेनासे झाले

१२ ऑगस्ट, मंगळवार
शेवटी सुधीरच्या साहेबांना फोन केलाच. तो चालवतो ते विमान पावसासाठी ढगांत मीठ फवारायला निघालेलं आणि त्याच्या वाटेत नकाशावर लाल डाग. लाल म्हणजे वादळी पाऊस, हे नवऱ्यानेच शिकवलेलं. त्याचं नकाशाचं ॲप त्याच्याच खात्याचा पासवर्ड टाकून मी इथे जामखेडात बघते. त्याच्या टॅबवर जे, तेच माझ्या मोबाईलवर. साहेबांनी विमान परत बोलावलं.
संध्याकाळी सु.चा आवाज गार. 'सगळे विचारतायत, वहिनींची परवानगी आली का म्हणून.'
सॉरी म्हटलं. पण डाग खरा होता.

१३ ऑगस्ट
ॲपवरचं पावसाचं रडारच गायब. गावं आहेत, विमानाची खूण आहे, पावसाचा ठिपका नाही. बाहेर पूर्वेला काळंकुट्ट.
सु. म्हणाला, 'नेट बघ. ॲप काढून परत टाक.' काढलं, टाकलं. मोबाईल बंद-चालू. गच्चीवर जाऊन रेंज पाहिली. काही नाही.
उपाय फार पटापट सांगितले त्याने. तयार असल्यासारखे.

१४ ऑगस्ट
डेअरीत दूध घालताना बबनतात्या, 'सूनबाई, मालकाला सांग, इमान दुसरीकडं ने. ढग आला की पळवून लावतंय.'
'तात्या, ते पाऊस पाडायला जातात.'
'मग पडला कुटं?' सगळे हसले.
घरी येऊन ॲप उघडलं. कोरं. कोरं म्हणजे पाऊस नाही, की माहिती नाही? दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

१६ ऑगस्ट
ॲपवाल्यांना फोन. मुलगी गोड बोलली. 'मॅडम, आमच्याकडून चालू आहे. तुमच्या खात्यातूनच कुणीतरी रडार बंद केलंय, मंगळवारी संध्याकाळी. एकीकडे बंद केलं की सगळीकडे बंद होतं.'
मला दिसू नये म्हणून! चोर. आधी हसूच आलं. मग ते 'सगळीकडे' डोक्यात शिरलं. त्याच्या टॅबवरही? विमानातलं रडार तर दुरुस्तीला गेलंय. तोच म्हणाला होता, म्हणून तर ॲप.
लगेच सु.ला फोन करून विचारलं, 'तुला दिसतंय ना?'
'हो गं, सगळं दिसतंय.'
की स्वतःपुरतं दुसरं खातं काढलंय? तसं असेल तर बरंच. वाईट वाटेल, पण बरंच.
सासूबाई भाकरी थापता थापता, 'ल्हानपनी बी असाच. अंगात ताप आन म्हनायचा, मला काय न्हाई.'
कुठलं बटण ते मुलीने सांगितलंय. आत्ता दाबत नाही. उद्या तो वर गेला की.

१७ ऑगस्ट, रविवार
उडाला. खूण खर्ड्याकडे सरकायला लागली तेव्हा बटण दाबलं. आलं! खर्ड्यावर लाल, मध्ये त्याहून वाईट जांभळं. खूण सरळ तिकडेच.
आणि एकदम परत कोरं.
म्हणजे वर बसून त्यानेच बंद केलं. दुसरं खातं असतं तर याला हात कशाला लावला असता? बंद करण्याआधी बघितलं तरी असेल का? की मीच असणार म्हणून न बघताच...
परत लावलं तर समोरचं सोडून टॅबशी झटत बसेल. नाही लावलं तर. साहेबांचा नंबर काढून ठेवलाय. दाबलेला नाही.
खूण चालतेय अजून.
सासूबाई ओट्यावरून, 'इमानाचा आवाज येतोय का गं? माझं कान गेल्यात.'
गडगडत होतं नुसतं.
'हो आई,' म्हटलं, 'येतोय.'