टीव्हीवर ती अजून खेळत होती

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. बारावीचा निकाल घेऊन मी दारात उभी होते, इंजिनिअरिंग हुकलं होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा टीव्हीकडे वळलात आणि म्हणालात, "थांब, ही ओव्हर संपू दे." ते सहा चेंडू मी तुम्हाला कधीच माफ केले नाहीत. तुम्ही गेलात तेव्हाही नाही.

तुमची नात आता एकवीस वर्षांची आहे. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या युनिव्हर्सिटीतलं गणित अर्धवट सोडून ती पोकर खेळते. "पत्ते कुटायला वाढवलं का तुला?" असं मी तिला म्हटलं, अगदी तुमच्या आवाजात. शेवटी तिनेच ठरवलं, बर्लिनची ही स्पर्धा जिंकली तर खेळत राहायचं, नाहीतर परत वर्गात बसायचं. निघताना म्हणाली, "तू बघ हं. आल्झो, म्हणजे टीव्हीवर अर्धा तास उशिरा दाखवतात, कुणी बाहेरून पत्ते सांगू नयेत म्हणून."

शनिवारची दुपार. टेबलावर चौघं उरलेत. एक टोपीवाला, एक काळ्या चष्म्याचा, खुर्चीला विणकामाची पिशवी अडकवलेल्या एक आजी आणि आमची. मिठाचा डबा सापडला नाही तर घर डोक्यावर घेणारी ही मुलगी तिथे पापणीसुद्धा हलवत नाही. मध्येच आजींशी काहीतरी बोलून हसते. इतक्यात फोन वाजतो. तिचाच. मी कट करते. पुन्हा वाजतो.

"अगं, लेकीचा आहे, उचल की," हे म्हणतात.

"अहो थांबा, हा डाव संपू दे."

तिच्याकडे दोन राजे, टोपीवाल्याकडे दोन एक्के. आम्हाला दिसतात, तिला नाही. ती पैशांच्या सगळ्या चकत्या पुढे ढकलते आणि टोपीवाला त्या ओढून घेतो. मग उठते, तिघांशी हात मिळवते. तेव्हा कुठे मी फोन लावते.

"केव्हाची करतेय मी! दोनदा कापलास तू."

"अगं, ते उशिराचं मी विसरलेच."

"जा, जा. आता ट्रेनमध्ये बसलेय. श्पेटर, आई. नंतर बोलू."

तो "नंतर" अजून आलेला नाही. आज तीन दिवस झाले.

मी विसरले नव्हते, बाबा. पहिल्या रिंगलाच कळलं होतं, तिकडे तिचा खेळ संपलाय. पण टीव्हीवर ती अजून खेळत होती, हसत होती, आणि मला ती आणखी थोडा वेळ तशीच हवी होती. तुम्हालाही त्या दिवशी माझा चेहरा पाहूनच कळलं होतं का? हे मी कधी विचारलं नाही, नुसती चिडून राहिले.

हा कागद वहीतच राहील. खरं तर हे तिला लिहायला हवं होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.