विषय माझे, वकिली बाबांची

मरोदा, भिलाई

तीर्थरूप दौलतमामांना मोनाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचं लोणचं पोचलं आणि संपलंही (बाबांना दोनच फोडी मिळाल्या, बाकीच्या कुणी खाल्ल्या ते त्यांना सांगू नका).

लॉ कॉलेजात चौथ्या वर्षाचे विषय शुक्रवारपर्यंत निवडायचे होते. मला हवा होता कंपनी कायदा. टेबलाशी बसून करारांचे कागद नीट करायचे, कुणावर ओरडायचं नाही. पण बाबांनी (रिटायर झाल्यापासून त्यांची ड्युटी आमच्यावरच लागली आहे) साऱ्या मरोद्यात सांगून ठेवलं, की आमची मोना फौजदारी केस लढणार. आणि मी? कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात इतकी हळू बोलले, की जज झालेल्या सरांनी पंखा बंद करायला लावला (मे महिन्यात, मामा! केस हरले ते वेगळंच).

घरात तोडगा निघेना, म्हणून रविवारी बाबा मला पद्मनाभपूरला वंदना मॅडमकडे घेऊन गेले. त्या दुर्ग कोर्टात वीस वर्षं वकिली करतात. म्हणाल्या, रोज सकाळी उठून कुठे जायचंय ते आधी ठरव. कोर्टात, तर फौजदारीचे विषय. कंपनीत, तर करार आणि कंपनी कायदा. मजुरांची कामं, तर कामगार कायदा. मग मला विचारलं, "तुला काय आवडतं?"

"क्रिमिनल!" बाबा म्हणाले.

"भीती कशाची वाटते?"

"काहीच नाही वाटत तिले!"

मॅडमनी चष्मा काढला. "भाऊ, वकील कोण होणार आहे?"

"ते पोरगी बोलत नाही, म्हणून मी बोलून राहिलो."

"मग तुम्हीच घ्या ना ॲडमिशन."

मी हसले. बाबा हसले नाहीत. मला वाटलं रागावले. येताना घराच्या फाटकाशी स्कूटर थांबवून हळूच म्हणाले, "मोना, लॉले वयाची अट असते का वं?" मामा, इतक्या वर्षांत ही इच्छा त्यांनी आईलाही सांगितली नव्हती.

मी माझा फॉर्म सोमवारीच भरला, कंपनी कायदा. बाबांनी न वाचता सही केली (होणाऱ्या वकिलानं असं करू नये).

तुमची भाची,
मोना

ता.क. पत्राचं खरं कारण हे, की बाबांची बी.ए.ची मार्कशीट तुमच्या गोंदियाच्या कपाटात आहे (परीक्षा तुमच्याकडे राहून दिली होती ना). रजिस्टर पोस्टानं पाठवा, त्यांच्या ॲडमिशनला लागेल.

ता.क. २ आईला आता कळलंय, पण बाबांचं या वयात कॉलेज तिला पसंत नाही; तिचा फोन येईल, 'सापडली नाही म्हणून सांग' म्हणेल. ऐकू नका.

ता.क. ३ बाबा आम्हाला लहानपणापासून फर्स्ट क्लास सांगत आले आहेत. पाकीट चिकटवण्याआधी खरं काय ते फक्त मला कळवा.