जुजुराण्याचा आवाज

सँडीफोर्ड, १८ मे २०२१

आज अगदी गळून गेलेय. हिमाचलातून प्रेमसिंगचा फोन आला. लग्नाआधी त्याच्यासोबत मी जुजुराणा या दुर्मीळ डोंगरी पक्ष्याची हाक ऐकायला पहाटे देवदारात बसायचे. म्हणाला, "दीदी, वरपर्यंत रस्ता खणलाय. यंदा एकही ओरडला नाही. तुमचं ते रेकॉर्डिंग पाठवा ना." त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी प्रेमसिंगची शिंकही होती, केवढे हसलो होतो!

जानेवारीत लेकीच्या, मनूच्या, ऑनलाइन शाळेसाठी लॅपटॉपवर जागा हवी होती, तेव्हा मीच ते पुसलं. वाटलं, पक्षी कुठे जातोय? पुन्हा करू. मनू इथल्या बोलीत म्हणते, "इट्स ग्रँड, मॅम," म्हणजे काही बिघडलं नाही, आई. कसलं ग्रँड! ती शिंकसुद्धा गेली.

आणि मी प्रेमसिंगला काय सांगितलं? उद्या पाठवते.